थंडीपासून बागेतील झाडांचे संरक्षण

थंडीपासून बागेतील झाडांचे संरक्षण म्हणजे थंडी न सोसणारी उष्ण प्रदेशातील झाडे हिवाळ्यात जिवंत ठेवण्यासाठी केली जाणारी व्यवस्था होय. समशीतोष्ण देशांत अशी झाडे हिवाळ्यापूर्वी घरात किंवा हरितगृहात हलवावी लागतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ती उघड्यावरच राहतात. पाणी, कुंडीची जागा आणि आच्छादन यांत योग्य बदल करणे पुरेसे असते. कोल्हापूरसारख्या सौम्य हिवाळ्याच्या शहरात झाड प्रत्यक्ष थंडीने मरण्यापेक्षा विश्रांतीच्या काळात दिलेल्या जादा पाण्याने मरण्याची शक्यता अधिक असते.

थंडीचा परिणाम

थंडीमुळे होणारी इजा दोन प्रकारची असते. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास पेशींच्या दरम्यान बर्फ तयार होतो, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पाने काळी पडतात. दुसऱ्या प्रकारात पाणी गोठत नाही. मात्र तापमान सुमारे १० ते १२ अंशांच्या खाली काही काळ राहिल्यास उष्ण प्रदेशीय वनस्पतींच्या पेशींचे पटल कार्यक्षम राहत नाही व मुळांचे पाणी शोषणे मंदावते. त्यामुळे माती ओली असतानाही झाड कोमेजलेले दिसते. नवशिका बागकाम करणारा त्याला तहान समजून आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजतात.

प्रादेशिक स्थिती

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असून डिसेंबर-जानेवारीत तेथील रात्रीचे सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते. थंडीच्या लाटेत ते काही दिवस बरेच खाली उतरते. निरभ्र व वारा नसलेल्या रात्री थंड, जड हवा सखल भागात साचते. म्हणून नदीकाठची बाग उंचावरील बागेपेक्षा अधिक गारठते. उघड्या गच्चीवरील कुंड्यांची उष्णताही आकाशाकडे लवकर निघून जाते, तर छताखालच्या किंवा मोठ्या झाडाखालच्या कुंड्या तुलनेने उबदार राहतात.

महाराष्ट्रात याहून तीव्र थंडी अन्यत्र आढळते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात व बागेला पाणी देतात.

संवेदनशील झाडे

क्रोटन, डिफेनबेकिया, अँथुरियम, कोलियस, अडेनियम, पपई आणि केळी ही झाडे थंडीला संवेदनशील आहेत. तुळशीची वाढही या काळात खुंटते व तिची पाने गळतात; पिकलेल्या मंजिऱ्या वेळीच खुडल्यास झाडावरील ताण कमी होतो. अडेनियमची पाने गळणे हे बहुधा विश्रांतीचे लक्षण असते. खोड टणक असेपर्यंत ते झाड मेलेले मानले जात नाही.

संरक्षणाच्या पद्धती

* पाणी : बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी झाल्यावरच, सकाळी ऊन आल्यानंतर पाणी देतात. संध्याकाळी पाने भिजवणे टाळतात.
* जागा : कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेकडे सुमारे ५० अंश उंचीवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडील भिंतीलगत व सज्जात ऊन खोलवर येते आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते.
* आच्छादन : उसाचे पाचट या भागात सहज मिळते. त्याचा ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा थर मातीवर पसरतात, मात्र बुंध्याला चिकटू देत नाहीत.
* झाकणे : कडाक्याच्या रात्री काठ्यांच्या आधाराने जुनी साडी किंवा गोणपाट घालतात व सकाळी काढतात. प्लॅस्टिक पानांना टेकल्यास तेथे इजा होते.
* खत व छाटणी : ऑक्टोबरनंतर नत्रयुक्त खत कमी करतात, कारण त्यामुळे येणारी कोवळी फूट थंडीत प्रथम करपते. संवेदनशील झाडांची छाटणी थंडी ओसरेपर्यंत लांबवतात. करपलेली पानेही तोवर राहू देतात, कारण ती आतील फुटव्याला आडोसा देतात.

कंदवर्गीय झाडे

कॅलेडियम, फुटबॉल लिली आणि कळलावी यांची पाने हिवाळ्यात सुकतात व झाड कंदरूपाने जमिनीत राहते. रिकामी दिसणारी कुंडी टाकून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. अशा कुंडीवर नावाची चिठ्ठी लावून ती कोरड्या जागी ठेवतात, किंवा कंद काढून कोरड्या वाळूत साठवतात. सह्याद्रीतील अनेक रानकंदांची सुप्तावस्था थंडीपेक्षा पावसानंतरच्या कोरड्या ऋतूशी निगडित आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अभ्यासले व जतन केले गेलेले सेरोपेजिया प्रजातीतील अनेक कंद पावसाळ्यातच फुटतात.

परदेशी पद्धतींशी तुलना

युरोपात संत्रावर्गीय झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी खास इमारती बांधल्या जात. व्हर्सायची ऑरेंजरी १६८४ ते १६८६ या काळात उभारली गेली. तेथील पुस्तकांतले वेळापत्रक महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाही. डेलिया हे त्याचे ठळक उदाहरण आहे. थंड देशांत त्याचे कंद हिवाळ्यापूर्वी काढून ठेवतात, तर महाराष्ट्रात ते हिवाळ्यातच फुलते आणि कंदांना जपावे लागते ते उन्हाळ्यात व पावसाळ्यात.

हिवाळ्यानंतर

फेब्रुवारीत रात्री उबदार होऊ लागल्यावर पाणी हळूहळू वाढवतात. सावलीत ठेवलेली झाडे एकदम कडक उन्हात नेल्यास पाने भाजतात, म्हणून आठ-दहा दिवस सकाळचे ऊन देऊन मग ती मूळ जागी ठेवतात. नवी पालवी दिसल्यानंतरच खत देतात.

हेही पाहा

* हरितगृह
* आच्छादन
* सुप्तावस्था