चिक चॉकलेट: गाणं सगळ्यांना माहीत, नाव कुणालाच नाही

विषय ऐकून तुमच्यातले काही जण म्हणतील, जाझ आणि जळगाव-धुळं? ह्याचा काय संबंध, भो?

संबंध आहे. आपल्याकडे वरात निघते, बँडची गाडी पुढे असते, आणि कधी ना कधी जुनं हिंदी गाणं लागतंच. लग्नाचा बँड आपल्याकडे लष्करी बँडवरून आला. पण तो जी सिनेमाची गाणी वाजवतो, त्यात ट्रंपेट आणि सॅक्सोफोनची नाचरी चाल आली ती मुंबईच्या हॉटेलांमधून, जाझ वाजवणाऱ्यांच्या हातून. त्यातले बरेच जण गोव्याचे होते. आज त्यांच्यातल्या एकाची गोष्ट.

त्याचं खरं नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ. जन्म 1916 चा, गोव्यात बारदेशमधल्या हळदोणे गावचा. मुंबई त्याला ओळखायची ती 'चिक चॉकलेट' म्हणून.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. त्यामुळे मुंबईला येणारा गोवेकर कागदोपत्री परक्या मुलखातून यायचा. पोटासाठी यायचा आणि धोबी तलाव, माझगाव भागातल्या 'कूड'मध्ये राहायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची खोली. एका गावाची एक कूड. पुण्या-मुंबईला शिकायला किंवा कामाला गेलेली आपली पोरं गावच्या मित्रांसोबत रूम घेतात ना, तसंच काहीसं.

ह्या पोरांकडे पैसा नव्हता, पण एक गोष्ट होती. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच संगीत शिकवायचे. स्वर कागदावर लिहायचे कसे आणि वाचून वाजवायचे कसे, हे त्यांना पक्कं यायचं. पुढे हीच विद्या त्यांचं पोट भरणार होती.

1935 मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार आपला बँड घेऊन आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड हेही मुंबईत वाजवू लागले. स्वतःच्या देशात वर्णभेद सोसणारे हे लोक. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही, 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. वेदरफर्डच्या बँडमध्ये भारतीय वादकही होते. म्हणजे एका मुलखातून आलेल्या परक्यांनी दुसऱ्या मुलखातून आलेल्या परक्यांना जाझ दिलं, आणि ते घडलं आपल्या मुंबईत.

चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवायचा आणि त्याचं दैवत होतं लुई आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँगसारखं वाजवणं, तसंच घोगऱ्या आवाजात गाणं. लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायला लागले. त्याचा स्वतःचा बँड झाला, ताजमध्ये कार्यक्रम झाले, स्वतःच्या नावावर रेकॉर्डीही निघाल्या. पण त्या इंग्रजी नाचगाण्याच्या. त्या ऐकणारा वर्ग हॉटेलात जाणारा. भुसावळच्या रेल्वे कामगारापर्यंत किंवा धुळ्याच्या गिरणीतल्या माणसापर्यंत त्या कशा पोचणार?

ते काम सिनेमानं केलं. आणि इथे येतो दुसरा माणूस, रामचंद्र चितळकर. म्हणजे सी. रामचंद्र. जन्म 1918, गाव पुणतांबा. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या लाईनवरचं. आपल्यापैकी कितीतरी जण शिर्डीला जाताना त्याच बाजूनं जातात. ह्या मराठी माणसाला पाश्चात्त्य तालाची भारी ओढ. 'शहनाई' (1947) मधल्या गाण्यांत ती दिसली. मग 1951 मध्ये भगवानदादांचा 'अलबेला' आला आणि त्यातलं 'शोला जो भडके'. ह्या सिनेमात चिक चॉकलेटचा बँड नुसता ऐकू येत नाही, पडद्यावर दिसतो. पुढच्या वेळी बघाल तेव्हा भगवानदादा आणि गीता बालीवरची नजर जरा काढा आणि वाजवणाऱ्यांकडे बघा.

चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचा सहायक होता. आता हे सहायकाचं काम म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. पण गाणं म्हणजे नुसती चाल नाही. सुरुवातीला काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय, गाणाऱ्याच्या मागे कोणती वाद्यं, ती कधी थांबतील, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आपल्या परंपरेत गाणं ऐकून शिकतात. पण तीस-चाळीस माणसं एका दमात एकत्र वाजवायची तर प्रत्येकासमोर कागद हवा. तो कागद गोव्याची माणसं लिहायची. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, अशी एक अख्खी पिढी. तुम्ही आज ज्याला म्युझिक प्रोड्यूसर म्हणता ना, त्यातलं निम्मं काम हे लोक करायचे.

त्यांना सिनेमाकडे ढकलणारं एक कारण सरकारी होतं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांचा धंदा बसला आणि बँडची कामं आटली. 1955 मध्ये भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा गावी जाणं-येणंही अवघड झालं. गोवा मुक्त व्हायला डिसेंबर 1961 उजाडला. ह्या सगळ्या काळात स्टुडिओ हेच त्यांचं पोट.

आणि नाव? 78 च्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, मधोमध छोटं गोल लेबल. त्यावर सिनेमा, गायक, संगीतकार. 'महल' (1949) च्या रेकॉर्डवर तर सुरुवातीला लता मंगेशकरांचंही नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं होतं, 'कामिनी'. गाणाऱ्याची ही गत, तर ट्रंपेटवाल्याला कोण विचारतो?

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं बघा. आल्फ्रेड लायन, जन्म 1908, बर्लिनचा. परदेशातून अमेरिकेत आलेला. 1939 मध्ये त्यानं 'ब्लू नोट' ही जाझची रेकॉर्ड कंपनी काढली. नाझी जर्मनीतून निसटलेला त्याचा मित्र फ्रान्सिस वोल्फ येऊन मिळाला, तो फोटो काढायचा. हे दोघं वादकांना सरावाचेही पैसे द्यायचे. आणि त्यांच्या एल.पी.च्या वेष्टनावर कोण काय वाजवतंय ते लिहिलेलं असायचं. ड्रमवाला कोण, बास कोण, सगळं. म्हणून आज सत्तर वर्षांनंतरही ती नावं जगाला पाठ आहेत.

फरक प्रतिभेचा नव्हता. फरक नाव छापायचं की नाही, ह्या एका निर्णयाचा होता.

चिक चॉकलेटला संगीतकार म्हणून मोजकेच सिनेमे मिळाले. 'नादान' (1951) हा त्यातला एक. त्यात तलत महमूदनं गायलेलं गाणं जुने रसिक आजही ऐकतात, पण संगीतकार कोण विचारलं तर गप्प बसतात. 1967 मध्ये चिक गेला, पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

आता आपल्याकडे या. अहिराणी गाणी आज यूट्यूबवर धूम करतायत. खान्देशातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं गाणं सुरतपर्यंत वाजतं. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, चॅनेलचं त्याहून मोठ्या. ढोलकी कोणी वाजवली? कीबोर्डवर कोण होतं? बरेचदा पत्ताच नसतो. 78 च्या लेबलवर जागा नव्हती, हे एकवेळ मान्य करू. पण डिस्क्रिप्शनमध्ये जागेची काय कमी आहे?

ऐकणाऱ्यांपैकी कुणी गाणी बनवत असेल, तर पुढचं गाणं टाकताना वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं खाली लिहा. पाच ओळी लागतात, पैसा लागत नाही. आणि जे बनवत नाहीत, त्यांनी कमेंटमध्ये एवढंच विचारा: वाजवलंय कोणी?

भेटू पुढच्या भागात. तोवर 'शोला जो भडके' एकदा हेडफोन लावून ऐका. ह्या वेळी नुसतं ट्रंपेट.