व्हिडिओ कॉल : यंत्रांचें ऐक्य आणि माणसांचा करार

दूरदेशीं असलेल्या आप्ताचें मुख पाहून त्याच्याशीं बोलावें, ही इच्छा फार जुनी आहे. आणि ती पुरी करणारें साधन आज मध्यम स्थितींतील बहुतेक घरांत येऊन पोंचलें आहे. तथापि या साधनाचा उपयोग करूं जाणाऱ्याची एका चमत्कारिक अडचणीशीं नित्य गांठ पडते. साताऱ्याच्या आजोबांजवळ एका जातीचा फोन असतो, पुण्याच्या मुलाजवळ संगणक असतो, आणि लंडनच्या नातीजवळ तिसऱ्याच जातीचा फोन असतो. तिन्ही यंत्रें चित्र टिपतात, ध्वनि टिपतात आणि एकाच इंटरनेटवरून दोन्ही पाठवितात. तरीहि संभाषणास आरंभ होण्यापूर्वीं “तुझ्याकडे कोणतें आहे?” हा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर जुळलें नाहीं तर नवें ॲप, नवें खातें, नवा पासवर्ड, अशी सामुग्री प्रथम जमवावी लागते. पत्र टाकतांना तें घेणाराच्या दारावरील पेटी कोणत्या कारखान्यांत झाली, हें कोणी विचारीत नाहीं. मग येथेंच हा प्रश्न कां उद्भवावा?

यंत्रें निरनिराळीं, म्हणून तीं जुळत नाहींत, हें या प्रश्नाचें सर्वसाधारण उत्तर आहे. परंतु इतिहास पाहतां हें उत्तर अपुरें ठरतें. यंत्रें जुळविण्याची विद्या बहुधा लवकर हस्तगत होते. उशीर लागतो तो यंत्रांच्या धन्यांची संमति मिळण्यास.

याचें पहिलें उदाहरण तारायंत्राचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांत तारा सर्वत्र पसरल्या होत्या; पण एका राज्याची तार सीमेपाशीं येऊन थांबे. तेथें संदेश हातानें उतरून घ्यावा, जरूर तर त्याचें भाषांतर करावें, आणि पलीकडील राज्याच्या कचेरींत नेऊन द्यावा, म्हणजे तो पुढें जाई. विजेस सीमा ठाऊक नव्हती. ती घातली होती राज्यांनीं. अखेर १७ मे १८६५ रोजीं पॅरिस येथें वीस राज्यांनीं एक करार केला, आणि सामान्य यंत्रपद्धति व सामान्य नियम ठरविले. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा जन्म त्या करारांतून झाला.

टेलिफोनच्या बाबतींत हाच प्रकार अमेरिकेंत, एकाच राष्ट्राच्या पोटांत, घडून आला. बेलच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्यें संपली आणि गांवोगांव स्वतंत्र कंपन्या निघाल्या. पुष्कळ शहरांत दोन कंपन्या समोरासमोर उभ्या राहिल्या. पण एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशीं बोलूं शकत नसे. त्यामुळें व्यापाऱ्यांस आपल्या मेजावर दोन-दोन टेलिफोन ठेवावे लागत. १९१३ च्या डिसेंबरांत सरकारच्या दडपणामुळें बेलच्या मुख्य कंपनीनें आपल्या लांब पल्ल्याच्या तारा स्वतंत्र कंपन्यांस जोडून देण्याचें कबूल केलें. त्या व्यापाऱ्याच्या मेजावरील दोन टेलिफोन आणि आपल्या फोनवरील चार-पांच निरनिराळीं ॲपें यांत वस्तुतः फरक काय?

चित्रासह बोलण्याचे प्रयोग यानंतरचे. १९२७ च्या एप्रिलांत वॉशिंग्टनहून हर्बर्ट हूव्हर यांचें हालतें चित्र तारेनें न्यूयॉर्कला पोंचविण्यांत आलें. चित्र मात्र एकाच दिशेनें जात होतें. जर्मनीच्या टपाल खात्यानें १९३६ सालीं बर्लिन व लाइपझिग यांच्या दरम्यान परस्परांचें मुख पाहून बोलण्याची सार्वजनिक सोय केली. ती पुढें युद्धांत बुडाली. १९६४ मध्यें अमेरिकेंत ‘पिक्चरफोन’ आला. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथें त्याच्या खोल्या उघडल्या आणि तीन मिनिटांस १६ पासून २७ डॉलरपर्यंत दर ठेवला. १९७० मध्यें पिट्सबर्ग शहरांत तेंच यंत्र कचेऱ्यांतून बसविण्यास आरंभ झाला. भाडें दरमहा १६० डॉलर. तेंहि चाललें नाहीं. किंमत हें एक कारण होतेंच. पण ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्यापाशींहि तेंच यंत्र हवें, ही अट अधिक जाचक होती. बोलण्याच्या यंत्राची किंमत त्यानें ज्यांच्यापर्यंत पोंचतां येतें त्यांच्या संख्येवर ठरते, हा धडा त्या अपयशानें शिकविला.

यापुढील पाऊल करारानें पडलें, आणि तें मोठें मनोरंजक आहे. जगांत त्या वेळीं दूरदर्शनाचे दोन मुख्य पंथ होते. युरोपचा बहुतेक भाग व आपला भारत ६२५ रेषांचें व सेकंदास २५ चित्रांचें मान पाळीत. अमेरिका व जपान ५२५ रेषांचें व सुमारें ३० चित्रांचें. ज्याचें मान स्वीकारावें त्याच्या कारखान्यांस फायदा, हें उघड होतें. १९९० मध्यें पक्क्या झालेल्या ‘एच. २६१’ या आंतरराष्ट्रीय नियमानें या वादांतून अशी वाट काढली : चित्रांतील रेषा २८८ ठेवाव्या, म्हणजे ६२५ रेषांच्या पंथांतील दृश्य ५७६ रेषांच्या बरोबर निम्म्या, आणि सेकंदास चित्रें मात्र दुसऱ्या पंथाच्या मानानें घ्यावीं. एका पक्षास रेषांचें रूपांतर करावें लागलें, दुसऱ्यास गतीचें. भार दोघांनीं वाटून घेतला, म्हणून अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील यंत्रें परस्परांशीं बोलूं लागलीं.

मात्र हीं यंत्रें मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांतच राहिलीं. सामान्य माणसाचा प्रवेश झाला तो इंटरनेटमुळें. कॉर्नेल विद्यापीठांत १९९२ मध्यें मॅकिंटॉशकरितां ‘सी-यू-सी-मी’ हें साधन तयार झालें, आणि पुढें विंडोजकरितांहि निघालें. १९९६ मध्यें ‘एच. ३२३’ आणि १९९९ मध्यें ‘सिप’ असे दोन खुले नियम प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणत्याहि यंत्रानें कोणत्याहि यंत्रास हांक कशी मारावी, याची सर्वांस ठाऊक असलेली रीत विसावें शतक संपण्यापूर्वींच लिहून तयार होती.

तरीहि जग जिंकलें तें बंद भाषेनें. २००३ च्या ऑगस्टांत स्काइप आलें, आणि थोड्याच वर्षांत त्यानें चित्राचीहि सोय केली. त्याची भाषा त्याची त्यालाच कळे. पण न्यायानें बोलावयाचें तर स्काइपचें यश फुकाचें नव्हतें. घरोघरच्या राउटरच्या आड दडलेलीं यंत्रें परस्परांस सांपडत नसत, आणि खुल्या नियमांचे अनुयायी या अडचणीची वाट शोधीत असतां स्काइपनें ती आपल्यापुरती सोडविली. लोकांस तत्त्व नको होतें, मुलाचा चेहरा दिसावयास हवा होता. तो दिसला, आणि ते स्काइपच्या अंगणांत शिरले.

७ जून २०१० रोजीं ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं ‘फेसटाइम’ जगापुढें मांडलें. त्याचे घटक, हांक मारण्याच्या रीतीपासून चित्र आकसण्याच्या रीतीपर्यंत, बहुतांशीं खुल्या नियमांचेच होते. आणि तें सर्वांस खुलें करूं, असें त्यांनीं त्याच व्यासपीठावरून सांगितलेंहि. तें वचन पुरें झालें नाहीं. सर्व विटा सार्वजनिक खाणींतल्या असतांहि घर खासगी राहूं शकतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठिण.

या कुंपणांतून वाट निघाली ती ब्राउझरच्या दारानें. २०११ मध्यें गूगलनें ‘वेबआरटीसी’ नांवाचें साहित्य सर्वांकरितां मोकळें केलें. त्याची युक्ति सांगावयास सोपी आहे. दोन ब्राउझर प्रथम आपापल्या योग्यतेची यादी परस्परांस देतात : ‘मला चित्राच्या या रीति येतात, ध्वनीच्या या येतात.’ दोघांस येणारी रीत निवडली जाते. मग दोघेहि आपापले संभाव्य पत्ते कळवितात, त्यांतील चालणारी वाट तपासून पाहतात, आणि एकहि वाट सरळ न निघाल्यास मधल्या सर्व्हरमार्फत बोलतात. दोन परप्रांतीय गृहस्थ आगगाडींत भेटले, म्हणजे दोघांस समजणारी भाषा चांचपून पाहतात, तसेंच हें आहे. फेब्रुवारी २०१३ मध्यें क्रोम व फायरफॉक्स या प्रतिस्पर्धी ब्राउझरांमध्यें अशा रीतीनें संभाषण झालें.

पण येथेंहि जुनाच वाद उपस्थित झाला. चित्र आकसण्याची कोणती रीत प्रत्येकास आलीच पाहिजे? एक पक्ष गूगलनें विनामूल्य दिलेल्या ‘व्हीपी८’ चा होता. दुसरा, फोनांत आधींच रुजलेल्या पण पेटंटांच्या शुल्कानें बांधलेल्या ‘एच. २६४’ चा. हा तंटा कांहीं वर्षें चालला. सिस्को कंपनीनें २०१३ मध्यें आपली ‘एच. २६४’ ची प्रत मोकळी करून तिचें शुल्क स्वतः भरण्याचें जाहीर केलें. आणि २०१४ च्या नोव्हेंबरांत, ब्राउझरांनीं दोन्ही रीति शिकाव्या, असा निर्णय झाला. २०१७ मध्यें ॲपलच्या सफारीनेंहि हें दार उघडलें, आणि जानेवारी २०२१ मध्यें वेबआरटीसीस अधिकृत नियमाचें रूप मिळालें.

त्याच सुमारास महामारीनें या साधनाची खरी कसोटी घेतली. झूमच्या सभांतील रोजची उपस्थिति, एकाच माणसाच्या अनेक सभा वेगळ्या मोजून, डिसेंबर २०१९ मध्यें सुमारें एक कोटी होती. ती एप्रिल २०२० मध्यें तीस कोटींवर गेली. शाळा, न्यायालयें, लग्नें आणि शोकसभासुद्धां पडद्यावर आल्या. अशा वेळीं ॲप जुळलें नाहीं म्हणून मुलाचा वर्ग बुडणें, किंवा रुग्णालयांतील माणसाचें अखेरचें दर्शन हुकणें, ही केवळ गैरसोय राहत नाहीं. २०२१ मध्यें ॲपलनेंहि फेसटाइमची लिंक धाडण्याची सोय केली, आणि अँड्रॉइड अथवा विंडोजचा माणूस ब्राउझरमधून आंत येऊं लागला. त्याला येतां येतें. पण स्वतः बोलावणें धाडतां येत नाहीं. पाहुण्यास ओटीवर जागा मिळाली, घराची किल्ली मिळाली नाहीं.

आणि हीच ब्राउझरच्या उपायाची मर्यादा आहे. वेबआरटीसीनें चित्र व ध्वनि यांची वाहतूक सामान्य केली. माणसाचा पत्ता व त्याला हांक मारण्याचा अधिकार मात्र ज्याच्या त्याच्या कंपनीकडेच राहिला. युरोपीय संघानें २०२२ मध्यें केलेला कायदा नेमका येथें हात घालतो. ज्या संदेशसेवांस त्या कायद्यानें ‘द्वारपाल’ ठरविलें, त्यांनीं दुसऱ्या सेवेनें मागणी केल्यास तिच्याशीं जोडून घ्यावें : प्रथम दोघांतील संदेश, दोन वर्षांनीं समूहाचे, आणि चार वर्षांनीं ध्वनि व चित्र यांचे कॉल. व्हॉट्सॲपची गणना अशा सेवांत सप्टेंबर २०२३ मध्यें झाली.

याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. दोन टोकांमधील संभाषण कुलुपबंद ठेवण्याची प्रत्येक सेवेची रीत वेगळी असते. दोन कुलुपें एकत्र जोडतांना फट राहिली, तर खासगी बोलणें परक्याच्या कानीं जाईल. ही भीति रास्त आहे, आणि सुरक्षिततेचें मान कमी होऊं देऊं नये, असें तो कायदाहि म्हणतो. परंतु ही अडचण जोडण्याच्या रीतीसंबंधीं आहे, जोडूं नये असें तीवरून सिद्ध होत नाहीं. उलट बंद अंगणाचा धोका आपण पाहिला आहे. ज्या स्काइपनें एका पिढीच्या आईबापांस परदेशींचीं मुलें दाखविलीं, तें मे २०२५ मध्यें त्याच्या धन्यानें बंद केलें. आणि ज्यांचें येणेंजाणें त्याच एका दारानें होतें, त्यांस दुसरें दार शोधावें लागलें.

यांत आपल्यासारख्यांचा हात कोठें पोंचतो, असें कोणी विचारील. तो वाटतो त्याहून दूर पोंचतो. शाळेची पालकसभा, गृहनिर्माण संस्थेची बैठक, वाचनालयाचें व्याख्यान, वैद्याचा सल्ला, यांची व्यवस्था आपल्यांतलीच माणसें ठरवितात. तेथें, खात्यावांचून, कोणत्याहि फोनवरून, साध्या लिंकनें येतां येईल अशीच सोय निवडावी, एवढा आग्रह धरणें कोणासहि शक्य आहे. १८६५ चा करार राज्यांनीं केला आणि १९१३ चा सरकारच्या दडपणानें झाला. पण या दुसऱ्यामागें, दोन-दोन टेलिफोन कां ठेवावे, असें विचारणारे लोक होते. तो प्रश्न आपण विचारीत राहिलें पाहिजे. कारण साताऱ्याच्या आजोबांनीं कोणता फोन विकत घेतला, यावर त्यांस नातीचें मुख दिसावें कीं नाहीं हें अवलंबून असूं नये.