भ्रमकारी द्रव्ये आणि कोवळे वय

डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनाकडे माणुसकीने पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. त्या परंपरेचा आम्हांला अभिमान आहे. एलएसडी, धोतरा यांसारख्या भ्रमकारी द्रव्यांविषयी मात्र मराठीत अजून फारसे लिहिले गेलेले नाही. ही द्रव्ये घेणारे थोडे आहेत, हे खरे. पण त्यांत कुणाचे सोळा-सतरा वर्षांचे मूल असेल, तर त्या घराला आकड्याचा दिलासा मिळत नाही.

वाचकांनी सुरुवात आल्बर्ट हॉफमन यांच्यापासून करावी. बाझेलच्या सँडोझ कंपनीत त्यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी पाव मिलिग्रॅम स्वतः घेऊन पाहिले. वय ३७, हाताशी साहाय्यक, द्रव्य स्वतःच बनवलेले, पुढे डॉक्टरही घरी आले. तरीही आपल्याला वेड लागते आहे, या भीतीने ते हादरले. आता पार्टीत हातावर ‘स्टॅम्प’, म्हणजे द्रव्य टिपलेला कागदाचा तुकडा, ठेवला गेलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्या कागदावर एलएसडीच आहे, हे त्याला कोण सांगणार? एलएसडीच्या नावाखाली एनबोम गटातली रसायने विकली गेली आहेत आणि त्यांनी तरुणांचे जीव घेतले आहेत.

धोतऱ्याची गोष्ट वेगळीच. महादेवाला वाहिले जाणारे हे फूल उकिरड्यावरही उगवते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. त्यातील अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन यांमुळे ताप चढतो, नाडी धावते, लघवी अडते, माणूस समोर नसलेल्यांशी बोलू लागतो. विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते. त्यामुळे ‘थोडेसे’ म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक विनंती. ‘एकदा घेतले की सुटत नाही’ हे गर्दबाबतचे, म्हणजे ब्राउन शुगरबाबतचे, वाक्य इथे वापरू नका. एलएसडीची तशी शारीरिक ओढ लागत नाही, हे मुलांना ठाऊक असते. मग तुमचा खरा इशाराही ती झटकून टाकतात. खरा धोका सांगा: निर्णय तोलणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर अशा अनुभवाने तो उफाळू शकतो.

मूल स्वतःहून काही सांगू लागले, तर आधी एवढेच विचारा: काय घेतलेस आणि केव्हा? तब्येत बिघडलेली दिसली तर थेट रुग्णालय गाठा, उरलेला कागद किंवा बी सोबत न्या. मन अस्वस्थ असेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.