तंजावरच्या धन्वंतरी महालाचे कागद
तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात, म्हणजे रुग्णोपचार आणि औषधनिर्मिती एकाच छताखाली चालणाऱ्या संस्थेत, आयुर्वेद, सिद्ध (तमिळ परंपरेतील वैद्यक), युनानी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार काम करीत. तेथे अनुभवास उतरलेले उपचार ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ पद्यग्रंथांत गुंफले गेले. त्यांहून मोलाच्या ठरतात त्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, कारण त्यांत उपचारांच्या तपशिलाबरोबर रोगग्रस्त डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत, आणि पद्यातल्या औषधी पाठापेक्षा असा कागद इतिहासकाराशी अधिक बोलतो. १९१८ मध्ये सार्वजनिक झालेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ही सामग्री जपलेली असून, दरबारी दप्तर मोडीत, म्हणजे मराठीच्या जलद लेखनाच्या लिपीत, असल्याने या तमिळभूमीतील वैद्यकाचा अभ्यास मोडीवाचकावाचून अडतो.