चार वर्षांची पलटण : १११ व्या महार पलटणीच्या निमित्ताने

पलटणींचे इतिहास सहसा त्यांनी मारलेल्या लढायांच्या आधारे लिहिले जातात. ज्या पलटणीच्या निशाणावर मोठ्या लढाईचे नाव नाही, ती इतिहासकाराच्या हातून सहज निसटते. १९१७ साली उभी राहिलेली आणि १९२१ साली मोडलेली १११ वी महार पलटण अशीच निसटली आहे. तिचे आयुष्य जेमतेम चार वर्षांचे. परंतु आमच्या मते तिचे महत्त्व रणांगणावर शोधण्यात अर्थ नाही. ते तिच्या आधीच्या पंचवीस वर्षांतील अर्जांत आणि तिच्या नंतरच्या वीस वर्षांच्या प्रतीक्षेत आहे.

आम्ही ज्या नांदगावातून हे लिहीत आहोत, ते कणकवली तालुक्यात येते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. डोंगरउतारावरची भातशेती कुटुंबाला वर्षभर पुरत नसे, म्हणून कोकणातला तरुण एक तर मुंबईची वाट धरी किंवा पलटणीत नाव घाली. मुंबई सैन्यात या किनाऱ्यावरचे मराठे होते, तसेच महारही होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतली 'नाक' प्रत्ययाची नावे याची साक्ष देतात.

महार शिपायाच्या घरी पलटणीचा अर्थ केवळ पगार एवढाच नव्हता. गावात त्याचे पोट बलुत्यावर आणि वतनावर, म्हणजे पर्यायाने गावाच्या मर्जीवर अवलंबून होते. पेन्शन मात्र सरकारी खजिन्यातून येई आणि ती रोखण्याचा अधिकार पाटलाला नव्हता. शिवाय पलटणीच्या शाळेत शिपायांची मुले अक्षर गिरवीत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच शिक्षक होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला राहिले. दापोली हे पेन्शनर शिपायांचे गावच होते.

१८५७ नंतर आणि विशेषतः सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त सैन्यात बळावला. पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शौर्याच्या कसोटीवर ते उणे ठरले, असे म्हणायला कोरेगावनंतर जागा नव्हती. अस्पृश्य हवालदाराचा हुकूम स्पृश्य शिपाई कसा मानणार, हा खरा अडसर होता. जात न मानण्याचा दावा करणाऱ्या सरकारने येथे जातीपुढे मान तुकवली. दरवाजा केवळ छावणीचा बंद झाला नाही. त्याबरोबर शाळेचा आणि पेन्शनीचाही झाला.

म्हणूनच अर्ज सुरू झाले. महाडजवळच्या रावढळचे, स्वतः निवृत्त शिपाई असलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार केले. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली.

वलंगकर हे जोतीराव फुल्यांच्या परंपरेतले. फुल्यांनी १८७३ चा 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. त्या देशाच्या यादवी युद्धाकडे पाहिले की एक विलक्षण विरोध दिसतो. तेथे १८६२ साली नऊ महिन्यांच्या बोलीवर सक्तीने पलटणी उभ्या केल्या गेल्या आणि मुदत भरताच त्या विसर्जित झाल्या. १८६३ च्या कायद्याने तर तीनशे डॉलर भरून भरती चुकवण्याची सोय दिली. त्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. त्याच वर्षी कृष्णवर्णीय मात्र सैन्यात घ्या म्हणून आग्रह धरीत होते. युद्धअखेर सुमारे १ लाख ७९ हजार जण दाखल झाले, आणि बरोबरीच्या पगारासाठी त्यांना १८६४ पर्यंत झगडावे लागले. ज्याला नागरिकत्व जन्मतः मिळाले तो बंदूक टाळू पाहतो आणि ज्याला ते नाकारले गेले तो बंदूक मागतो, हे दोन्ही देशांत सारखेच दिसते.

आपल्याकडे अर्जांनी जे साधले नाही ते महायुद्धाने साधले. मेसोपोटेमियात मराठा पलटणींची मोठी हानी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतचा वेढा शरणागतीत संपला, तेव्हा त्यांतल्या काही पलटणी कैदेत गेल्या. माणसे कमी पडू लागताच 'लढवय्या' आणि 'बिनलढवय्या' हा भेद अचानक सैल झाला आणि १११ व्या पलटणीला मंजुरी मिळाली. मात्र तिला कर्तृत्वाची संधी मिळण्याआधीच युद्ध संपले. १९२० साली ती ७१ व्या पंजाबी पलटणीशी जोडण्यात आली आणि पुढच्या वर्षी मोडण्यात आली. गरज संपली तसा जुना भेद पुन्हा जागच्या जागी बसला.

यावर कोणी म्हणेल की साम्राज्याची चाकरी मागण्यात कसला अभिमान? हा आक्षेप आम्हाला अपुरा वाटतो. त्या काळी चाकरी तर सगळेच करीत होते. कोणाला ती करू द्यायची, हे जन्मावरून ठरत होते. अर्जदारांचा वाद होता तो या दुसऱ्या गोष्टीशी. त्यातून आलेली शिस्त आणि संघटनेची सवय वाया गेली नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहात पेन्शनर सैनिकांचा आधार मोठा होता. त्याच वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले होते.

पुढे १९४१ साली ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. हेही पुन्हा महायुद्धाच्याच गरजेपोटी घडले. पण या वेळी युद्ध संपल्यावर रेजिमेंट मोडली नाही. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. स्वतंत्र भारतात तिच्यात इतर समाजांचे जवानही आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १११ व्या पलटणीच्या चार वर्षांना हे यश थेट जोडता येणार नाही. पण दोनदा बंद झालेला दरवाजा तिसऱ्यांदा उघडला तो कायमचा, कारण मधल्या काळात तो ठोठावणारे हात थांबले नव्हते.