मोर्चा चालत नाही, लागतो

मंडळी, ‘ठाण्यात कलेक्टर कचेरीवर मोर्चा’ असं म्हटलं की आपल्याला घोषणा देत चालणारी माणसं दिसतात. जुन्या कागदांतला मोर्चा मात्र चालत नाही. फारसीतून आलेला हा शब्द वेढ्यातला आहे. किल्ल्यासमोर चर खणायचा, मातीचा आडोसा उभारायचा, त्यामागे तोफा मांडायच्या. ती जागा म्हणजे मोर्चा. म्हणून तो ‘लावतात’, ‘बांधतात’. निवडणुकीतली मोर्चेबांधणी तिथलीच. तोफांनी तट ढासळून वाट झाली की ते खिंडार. आज ते पक्षाला पडतं!

आपल्या ठाण्याचंच बघा ना. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी या किल्ल्यासमोर मोर्चे लावले, तटावर तोफा डागल्या आणि महिनाअखेर किल्ला घेतला. त्याआधी १७३९ मध्ये वसईला चिमाजी आप्पांच्या फौजेने मोर्चे तटाजवळ भिडवले, मग सुरुंग लावले.

आता ‘मोर्चे पुढे नेले’ असं वाचलं आणि आपण आजचा अर्थ घेतला, तर चाल करून जाणारं सैन्य दिसेल. तिथेच फसतो आपण. मोर्चा पुढे न्यायचा म्हणजे तटावरून मारा सुरू असताना आणखी पुढे खणायचं, माती वाहायची, तोफा ओढायच्या. हल्ल्याच्या दिवसाआधीचे हे कित्येक दिवस त्या एका शब्दात आहेत. ते वगळले तर वेढा कळत नाही.