दिव्याचे कागद व जर्मन दंडविधान

जुन्या दप्तरांत दिव्याचा कागद सांपडला कीं संग्राहक तो कौतुकानें जपतो. त्यालगतचीं साक्षीपुराव्याचीं पानें मात्र मागें पडतात. असें होऊं नये.

याज्ञवल्क्यानें लेख, भोग व साक्षी हीं प्रमाणें सांगून त्यांच्या अभावींच दिव्य सांगितलें आहे. तुला, अग्नि, जल, विष व कोश हीं त्याचीं पांच दिव्यें. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका वळसंगाच्या पूर्वेस कल्याणी (सांप्रतचें बसवकल्याण) येथें, सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या (१०७६–११२६) राज्यांत झाली. तींत पितामहाच्या वचनांवरून तप्तमाषाचाही विधि दिला आहे. उकळत्या तेलतुपांतून धातूचा तुकडा काढण्याचा हाच प्रकार मराठी कागदांत 'रवादिव्य' म्हणून आढळतो.

ही स्मृति स्टेन्झलर यानें १८४९ त बर्लिन येथें जर्मन भाषांतरासह छापिली. त्याच्या देशांतही पूर्वीं दिव्यें होत. १२१५ च्या लॅटेरन धर्मपरिषदेनें पाद्र्यांस त्यांत भाग घेण्याची मनाई केली. १५३२ च्या कॅरोलिना दंडविधानानें दोन साक्षी किंवा कबुली आवश्यक ठरविली, आणि सबळ संशय असल्यास कबुलीसाठीं यातनेची मुभा ठेविली. प्रशियानें यातना १७५४ त पूर्णपणें बंद केली. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यानें अटकेंतील माणसाचा छळ निषिद्ध ठरवून देहान्तशिक्षाही रद्द केली.

पुरावा अपुरा पडला असतां न्यायाधीशानें काय करावें, हाच प्रश्न दोहीं देशांपुढें होता. आपल्याकडे पुरावा कोठवर तपासला गेला, हें त्या लगतच्या पानांवरूनच कळतें. तीं तुटलीं तर चमत्कार तेवढा उरेल, न्यायाचा इतिहास जाईल.